मोटरहोम घेताना: हात इंजिनपर्यंत पोहोचतो का?

(दृश्य: मे महिना, दुपारचे तीन. जळगाव-भुसावळ हायवेच्या कडेला, निंबाखाली उभी मोटरहोम.)

मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांना टेकतो. टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला की सावली बघून गाडी बाजूला घ्यायची, थोडी निवू द्यायची आणि इंजिन उघडायचं. पण उघडायला वेळ किती लागतो? मोटरहोम बघायला गेलेली माणसं पलंग दाबून बघतात, ओट्याचे कप्पे उघडून बघतात, शॉवर सोडून बघतात. हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या असतात. बोनेट आखूड, म्हणून इंजिन अर्धं बोनेटखाली आणि अर्धं पुढच्या दोन सीटांमधल्या कव्हरखाली. रोजचं बघणं बोनेटमधून भागतं. इंजिनाच्या मागच्या अंगाचं काम निघालं की आतलं कव्हर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

(दृश्य: कव्हर अगदी जवळून. वर कार्पेट, त्यावर ठोकलेला कप ठेवायचा कप्पा.)

इथे बॉडी बिल्डरची, म्हणजे चासीवर गाडीतलं घर बांधून देणाऱ्याची, हौस नडते. कव्हरवर कार्पेट चिकटवलं, कप्पा ठोकला, मागून ओट्याची चौकट आणून टेकवली. आता कव्हर चार बोटं उचललं जातं आणि तिथेच अडतं. विकणाऱ्याला सांगा, कव्हर पूर्ण काढून खाली जमिनीवर ठेवा. घड्याळ लावून बघा. पाच-सात मिनिटांत निघालं तर ठीक. सीट सोडवून, स्क्रू मोजत अर्धा तास गेला, तर रस्त्यात ते कोणी काढणार नाही; आणि गॅरेजवाला त्या अर्ध्या तासाची मजुरी दर खेपेला लावेल.

कव्हर निघालंच आहे तर कडेचा रबर बोटाने दाबून बघा. तो कडक झाला असेल किंवा तुटला असेल तर इंजिनाची धग आणि धुराचा वास थेट आत येतो. सायलेन्सरचा जोड गळत असेल, तर त्याच फटीतून विषारी वायूही येतो, आणि त्याला वास नसतो.

आयशरसारख्या छोट्या ट्रकवर बांधलेली गाडी असेल तर गोष्ट निराळी. मूळ ट्रकची केबिन पुढे झुकते आणि अख्खं इंजिन उघडं पडतं; मिस्त्रीला याहून सोयीचं काही नाही. पण केबिनमधून मागच्या खोलीत जायला वाट हवी म्हणून बिल्डर केबिनची मागची भिंत कापतो आणि दोन्ही बॉड्या जोडून टाकतो. केबिन कायमची जखडली! मग उरतं ते फक्त आतल्या फरशीतलं झाकण. मध्ये लवचिक रबरी जोड ठेवून केबिन झुकती ठेवता येते. ठेवली आहे असं कोणी सांगितलं, तर झुकवून दाखवायला लावा. आणि झुकताना केबिनच्या वर पुढे आलेला पलंगाचा भाग आड येतो का, तेही बघा.

(दृश्य: रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस. टॉर्चचा उजेड.)

खानदेशातली खास अडचण म्हणजे कापूस. दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, आणि उडालेली रुई पुढच्या जाळीतून आत ओढली जाते. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तिचा थर बसतो. समोरून सगळं स्वच्छ दिसतं, इंजिन मात्र तापत राहतं. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, आणि साध्या नळीच्या दाबाने. प्रेशर वॉशर जवळ धरला की जाळीच्या पात्या आडव्या होतात. यासाठी रेडिएटरच्या मागे नळीसकट हात गेला पाहिजे. मागच्या खोलीतल्या बॅटरीसाठी दुसरा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवला असेल, तर नेमकी तीच जागा गेलेली असते.

डिझेल फिल्टरही शोधा. त्याच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो, आणि बऱ्याच गाड्यांत एअर काढायला हातपंप. टाकी कोरडी पडली की तो पंप दाबत बसावं लागतं. फिल्टर पायरीच्या मागे दडलेला असेल, तर ते काम रात्री जमत नाही.

आता खाली वाका. क्लचप्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. त्याखालून सांडपाण्याचा पाइप नेला असेल, शेजारी पाण्याची टाकी लटकवली असेल, तर आधी ते सोडवा. १५० लिटरची टाकी म्हणजे १५० किलो नुसतं पाणी. तोरणमाळच्या चढणीवर भरलेल्या गाडीने क्लच तापवला तर हे काम शहाद्यात किंवा नंदुरबारात करायची वेळ येईल, आणि तिथला मिस्त्री मोटरहोम पहिल्यांदाच बघत असेल. सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) खालून निघतो का, तेही याच वेळी बघून घ्या.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत आणखी दोन ठिकाणं: बिघाड शोधायचा स्कॅनर लावायचं सॉकेट, ज्यावर कपाट येऊ शकतं, आणि डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरायचं तोंड, ज्यावर बाहेरचा पत्रा.

(दृश्य: उघडी चासी. वर्कशॉपमध्ये प्लाय बसायच्या आधी.)

नवी बांधून घेत असाल तर प्लाय बसायच्या आदल्या दिवशी वर्कशॉपला जा. वायर, पाइप, टाकीचे बोल्ट यांचे फोटो काढून ठेवा. डिझेल टाकीतला पंप वरून निघत असेल तर त्याच्या बरोबर वर फरशीत झाकण कापून घ्या. नंतर ते कापायचं म्हणजे पलंग उचकटावा लागतो. सगळ्या झाकणांना एकाच मापाचे बोल्ट लावायला सांगा, आणि त्या मापाचा गोटी पाना ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात राहू द्या.