घोड्यांचे कुरण आणि चुना

मित्रहो, कुरणात गवत विरळ झाले, मध्येच आंबटीसारखे तण माजले, की पहिला विचार खताचा येतो. माझे सांगणे असे आहे की खताच्या आधी जमिनीचा सामू (पीएच), म्हणजे ती किती आंबट आहे याचे माप, पाहावा; आकडा जितका कमी, तितकी माती आंबट. गवताला साधारण ६ ते ६.५ हा सामू मानवतो. तो ५.५ च्या खाली उतरला की मातीतले अॅल्युमिनियम विरघळू लागते, मुळांची टोके जाड आणि आखूड राहतात, आणि टाकलेले स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून पडते. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक, हेही ध्यानात असू द्यावे.

अशा जमिनीत फावडे घालून एक ढेकूळ उचलून पाहा. वरती मेलेल्या गवताचा गादीसारखा थर असतो, तो कुजत नाही. खाली गांडुळाचे बीळ क्वचितच दिसते, कारण बहुतेक गांडुळांना आंबट माती सोसत नाही. मुळे त्या थरातच घुटमळत राहतात आणि जरा ऊन तापले की गवत सुकते. ही आम्लता एका वर्षात येत नाही. पावसाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली झिरपत जातात, अमोनियायुक्त खते आम्लता वाढवतात, आणि वाळवून नेलेल्या गवताबरोबरही ही द्रव्ये शेताबाहेर जातात.

घोड्याच्या कुरणाची खरी अडचण त्याच्या चरण्याच्या रीतीत आहे. गाय जिभेने गवत ओढते. घोडा वरच्या आणि खालच्या, दोन्ही दातांनी ते जमिनीलगत कुरतडतो, आणि जिथे लीद टाकतो तिथले गवत टाळतो. त्यामुळे एकाच कुरणात खरवडून खाल्लेले पट्टे आणि उंच, उग्र गवताचे पट्टे तयार होतात. एका जागेची पोषकद्रव्ये दुसऱ्या जागी लिदेतून साचत राहतात. म्हणून मातीचे नमुने दोन्ही पट्ट्यांतून वेगवेगळे घ्यावेत. प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत वीसेक ठिकाणची, वरच्या साडेसात ते दहा सेंटिमीटरांतली माती घेऊन एकत्र करावी. दोन्ही पट्ट्यांची माती एकत्र कालवली, तर हाती येणारा आकडा कोणत्याच जागेचा नसतो.

आता आम्लता उतरवणाऱ्या चुन्याविषयी. कुरणासाठी दळलेली चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सर्वांत सुरक्षित. मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइटची भुकटी घ्यावी. कळीचा चुना आणि विरवलेला चुना जोरकस खरे, पण दाहक आहेत. घोड्याचे तोंड, डोळे, खूर यांच्या जवळपास ते नकोत. जिप्समला पुष्कळ जण चुन्याचा भाऊ समजतात, परंतु त्याने आम्लता उतरत नाही. भुकटी जितकी बारीक तितकी ती लवकर काम करते, म्हणून खरेदी करताना बारीकपणा आणि आम्लता मारण्याची शक्ती, दोन्ही विचारावीत.

किती टाकायचा, हे केवळ सामूवरून ठरत नाही. एकाच सामूच्या चिकण जमिनीला रेताड जमिनीपेक्षा अधिक चुना लागतो, कारण तिच्यात आम्लतेचा साठा मोठा असतो. प्रयोगशाळेचा अहवाल हा साठा मोजून मात्रा देतो. ती फार मोठी आली तर दोन हप्त्यांत विभागावी, कारण कुरण नांगरायचे नसल्याने चुना वरच राहतो आणि वर्षाकाठी जेमतेम काही सेंटिमीटर खाली जातो. अंदाजाने ओतलेला चुना मँगनीज, जस्त आणि तांबे पिकाला मिळू देत नाही, आणि ही चूक उतरवणे आम्लता उतरवण्याहून अवघड असते.

चुना पसरल्यावर पाऊस पडून पाने स्वच्छ धुतली जाईपर्यंत घोडे दुसरीकडे ठेवावेत. पानांवरची भुकटी त्यांच्या पोटात जाऊ देऊ नये. परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. त्या अवधीत खरवडलेल्या पट्ट्यांना विसावा द्या, लीद उचलत राहा, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा त्याच दोन पट्ट्यांतून नमुने घ्या.