नारामधला गरुड

मंडळी, पंढरपूरला गरुडखांबाला मिठी मारलेले बरेच जण इथे असतील. तोच गरुड चीनमार्गे जपानला पोहोचला आणि ‘कारुरा’ झाला. त्याचं दुसरं नाव ‘कोन्जिचो’, म्हणजे सोनेरी पंखांचा पक्षी. आपला सुपर्णच! फुदो म्योओ ही बौद्ध देवता, म्हणजे आपला अचलनाथ, त्याच्या पाठीमागच्या ज्वाळांनाही कारुराचंच नाव आहे. जपानी लोककथांमधला चोचीचा तेंगूही याच्याच वंशातला, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण जपानमधल्या नारा शहरात गेलात तर कोफुकुजी या बौद्ध देवळातला कारुरा अगदी जवळून बघा. साल ७३४. बुद्धाच्या आठ रक्षकगणांपैकी हा एक. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, किन्नर, महोरग हे बाकीचे. अंगात चिलखत, गळ्याला उपरणं, धड माणसाचं आणि वर तुरा-चोच असलेलं पक्ष्याचं डोकं.

ही मूर्ती आतून पोकळ आहे. आधी मातीचा ढोबळ आकार करायचा. त्यावर तागासारखं कापड उरुशीत, म्हणजे लाखेच्या झाडाच्या चिकात, भिजवून थरावर थर चढवायचं. उरुशी उन्हात वाळत नाही. तिला ऊब आणि दमट हवा लागते, साधारण २०–२५ अंश आणि ७०–८० टक्के आर्द्रता. घाई करून जाड थर दिला की वरचा पापुद्रा सुरकुततो आणि आतला चीक ओलाच राहतो. म्हणून प्रत्येक थर पुरता घट्ट होईपर्यंत थांबायचं. मग कवच कापून माती काढायची, आत लाकडी सांगाडा बसवायचा आणि काप शिवून बंद करायचा. सांगाडा नसला तर उरुशी आकसताना मूर्ती वेडीवाकडी होते. चोच, तुरा, चेहऱ्याचे बारकावे शेवटी, उरुशीत लाकडाचा भुसा मळून केलेल्या लगद्याने.

एवढा खटाटोप केल्यावर हाती येते ती माणसाच्या उंचीची, पण उचलता येईल इतकी हलकी मूर्ती. कोफुकुजी पुनःपुन्हा जळलं. ११८० साली जवळजवळ सगळं गेलं, १७१७ साली पुन्हा आग लागली. आठही मूर्ती मात्र आजही आहेत. दगडाच्या किंवा काशाच्या असत्या तर आगीतून उचलून कोण नेणार होतं?

क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो देवळातला कारुरा वेगळा. तेराव्या शतकातला, लाकडी, पंख पसरलेला. कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार एक मूर्तींच्या पुढच्या रांगेत तो सापडतो. हातात शस्त्र नाही. तो बासरी वाजवतोय, चोचीने.