'लेखी आणा' म्हणणारे राष्ट्रपती

नमस्कार श्रोतेहो. के. आर. नारायणन म्हटलं की 'पहिले दलित राष्ट्रपती' एवढं बोलून आपण पुढे जातो. आज त्यांच्या कामाची रीत पाहू. ती घडली परराष्ट्र खात्यात.

केरळातल्या उळवूरचा हा मुलगा इंग्रजी साहित्यात पहिल्या वर्गात एम. ए. झाला, काही दिवस पत्रकारितेत रमला आणि जे. आर. डी. टाटांच्या मदतीने लंडनला शिकायला गेला. तिथले प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांनी नेहरूंच्या नावे पत्र दिलं आणि १९४९ साली नारायणन परराष्ट्र सेवेत आले. थायलंड, तुर्कस्तान, मग १९७६ मध्ये चीन. तिथे पंधरा वर्षं आपला राजदूतच नव्हता! अशा ठिकाणी एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी महागात पडतो. तोंडी आश्वासनाला तर किंमतच नसते. पुढे अमेरिकेत राजदूत, १९८४ मध्ये ओट्टपालमचे खासदार, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती आणि २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती.

तीनच महिन्यांत परीक्षा आली. उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी विधानसभेत बहुमत सिद्ध केलं होतं, तरी केंद्राने कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. इथे राज्यघटनेचं कलम ७४ कामी येतं. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला, की मात्र तो मानावाच लागतो. नारायणन यांनी कागद परत पाठवला. गुजराल सरकारने विषय सोडून दिला.

बिहारच्या वेळी तसं झालं नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये परत गेलेली शिफारस फेब्रुवारीत पुन्हा आली, आणि त्यांना सही करावी लागली. पण अशा राजवटीला दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. राज्यसभेत वाजपेयी सरकारकडे संख्याबळ नव्हतं. महिन्याभरात राजवट मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे पहिल्यांदा कागद परत आला, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, असं माझं मत.

सरकार बनवतानाही तीच रीत. मार्च १९९८ मध्ये कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं. वाजपेयींकडे त्यांनी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रं मागितली. जयललितांचं पत्र येईपर्यंत सगळं अडून राहिलं. मग नेमणूक झाली, तीही दहा दिवसांत विश्वासमत घेण्याच्या अटीवर, आणि कारणं सांगणारं प्रसिद्धिपत्रकही निघालं. राष्ट्रपतींनी आपला हिशेब असा लोकांपुढे मांडणं त्या काळी नवलाचंच.

१७ एप्रिल १९९९ रोजी ते सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. सोनिया गांधींनी २७२ खासदार पाठीशी असल्याचं सांगितलं. नारायणन यांनी त्यांच्याकडेही यादीच मागितली. यादीत भरले २३३. लोकसभा विसर्जित झाली.