फॉर्म भरायच्या आधी एकदा काम बघून या

नमस्कार मंडळी. बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले आणि आता कोल्हापुरात कुणाच्याही घरी जावा, विषय एकच, इंजिनिअरिंगला कम्प्युटर ब्रँच मिळतंय का. मिळतंय म्हटलं की पेढे, नाही म्हटलं की सगळ्यांची तोंडं उतरलेली. मला याचं खरंच वाईट वाटतं. पोरीनं वर्षभर मान मोडून अभ्यास केलाय आणि मेकॅनिकल मिळतंय म्हणून घरात सुतक, हे काय बरोबर नाही.

बघा, आज ज्या नोकरीची हवा आहे ती पोरगं पास होईपर्यंत टिकेलच असं नसतंय, मधी चार वर्षं जातात. २०२१-२२ ला एकट्या टीसीएस या आयटी कंपनीनं लाखभर फ्रेशर, म्हणजे नुकतीच पास झालेली पोरं, घेतले, त्या काळात ज्यांनी ते बघून कम्प्युटर घेतलं ती पोरं अजून कॉलेजातच होती तोवर २०२३-२४ ला टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, तिन्हीकडची माणसं कमी झाली. म्हणून कम्प्युटर घेऊच नका असं नाही, ज्याला कोडिंगची आवड आहे, जो रात्री बसून स्वतःचं काहीतरी बनवतोय, त्यानं बिनधास्त घ्यावं. पण शेजारच्यानं घेतलं म्हणून नको.

आणि आपल्या उशाला काय आहे ते तरी बघा की. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचे कारखाने, इथली कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ट्रॅक्टरला, ट्रकला, पंपाला लागतात. कास्टिंग रिजेक्ट का झालं, ब्लो होल, म्हणजे आत हवेचं भोक, कुठनं आलं, साच्याच्या वाळूत ओल जास्त होती का ओततानाच मेटल थंड पडलं होतं, हे शोधणारा माणूस लागतो, आणि आता तर ओतायच्या आधीच कम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघतात, म्हणजे ज्याला मेटलर्जी, म्हणजे धातूंचं शास्त्र, कळते आणि सॉफ्टवेअरपण चालवता येतं त्याला इथं लई काम आहे. इचलकरंजीत टेक्स्टाइल आहे. साखर कारखाने आता इथेनॉलपण करतात, तिथं बीएस्सी केमिस्ट्रीवाला चालतो, पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं पुढचं शिक्षणही आहे.

तेव्हा पोरांनो, ओळखीपाळखीनं एक दिवस अशा ठिकाणी जाऊन या. भट्टीची धग, धूळ सोसत नसेल तर तेही तिथंच कळेल, चार वर्षांनी कळण्यापेक्षा बरं. सुपरवायझरला विचारा, तुम्हाला माणूस कसला पाहिजे.

कॉलेजात गेलात की हायेस्ट पॅकेजच्या बोर्डाकडं बघूच नका, तो एका पोराचा आकडा असतो. मीडियन, म्हणजे सगळ्यांचे पगार ओळीनं लावले तर मधला आकडा, किती ते विचारा, जी कॉलेजं एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, माहिती देतात त्यांच्या वेबसाइटवर तो मिळतो. आणि मागच्या वर्षी पास झालेल्या दोघातिघांना गाठा.

मुलींच्या आईवडिलांना मुद्दाम सांगतो, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकारनं २०२४-२५ पासून माफ केलीय, पण ॲडमिशन कॅप राउंडनंच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनंच, पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. तेव्हा फीपायी पोरीची ब्रँच बदलू नका.

शेवटचं, कॉलेज आणि ब्रँचची पसंती क्रमानं भरायचा ऑप्शन फॉर्म कॅफेवाल्याच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचंच ऑप्शन लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणून वरचं नाव पोराला विचारून, त्याच्या शेजारी बसून टाका.