अशोक कामटे : त्या रात्रीच्या आधीचे आणि नंतरचे

श्रोतेहो, नमस्कार.

तालमीत घाम गाळलेल्या माणसाला कोल्हापूर लगेच आपलं म्हणतं. त्या हिशेबानं अशोक कामटे आपलेच. पोलिसांत येण्याआधी, १९८५ साली, पेरू देशात झालेल्या ज्युनिअर पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत ते भारताकडून उतरले होते. खाकी घरातलीच. आजोबा नारायणराव कामटे मुंबई इलाख्याचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक.

कामटे म्हटलं की आपल्याला मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तेवढी आठवते. मला हे खटकतं. ते भारतीय पोलीस सेवेच्या १९८९ च्या तुकडीचे. भंडारा, साताऱ्याचं अधीक्षकपद, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतर्फे बोस्निया, मग आपल्या शेजारची सांगली, पुढं सोलापूरचं आयुक्तपद. रात्री उशिरापर्यंत वाढदिवसाचा दणका उडवणाऱ्या आमदारालाही त्यांनी सोडलं नाही, हे सोलापूरकर अजून रंगवून सांगतात. आज पहाटे मैदानावर धावणाऱ्या भरतीच्या पोरांना हे कामटे माहीत असायला हवेत.

त्या रात्री ते मुंबईच्या पूर्व विभागाचे अपर आयुक्त होते. दक्षिण मुंबई त्यांच्या हद्दीत नव्हतीच. बोलावणं आलं, गेले. कामा रुग्णालयाजवळ दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे आणि पोलीस निरीक्षक विजय साळसकर भेटले. क्वालिस गाडी साळसकर चालवत होते, शेजारी कामटे, मधल्या सीटवर करकरे, मागं चार शिपाई. रंगभवनच्या गल्लीत दोघा दहशतवाद्यांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. सात जणांतून वाचले एकटे अरुण जाधव. हल्लेखोरांनी तिघा अधिकाऱ्यांना रस्त्यावर टाकलं आणि तीच गाडी पळवली. जखमी जाधव मागं साथीदारांच्या मृतदेहांखाली निपचित पडून होते. टायर फुटल्यावर ते दोघे गाडी सोडून गेले, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून खबर दिली. ही हिंमत मला कुठल्याही पदकाएवढीच मोठी वाटते.

२६ जानेवारी २००९ ला करकरे, कामटे आणि साळसकर यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. फोटोंना हार पडले, भाषणं झाली. कामटेंच्या पत्नी विनिता मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आपला माणूस त्या गल्लीत कसा पोहोचला, मदत कधी मागितली, कधी आली, हे त्यांना कळायला हवं होतं. सरळ उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला आणि नियंत्रण कक्षातल्या त्या रात्रीच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. शहीद अधिकाऱ्याच्या बायकोला त्यासाठी अर्ज करावा लागला, श्रोतेहो.