दोन लाखांचा देश आणि चौसष्ट घरं

नमस्कार श्रोतेहो.

१९७२ साली अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा बोरिस स्पास्की यांचा जगज्जेतेपदाचा सामना आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला झाला, हे बुद्धिबळाची थोडीफार गोडी असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण रेक्याविकलाच का? आइसलँडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम दोन लाखांच्या वर. आपलं सोलापूर त्याहून मोठं होतं! अमेरिका आणि रशिया यांच्या मधोमध पडतं म्हणून ते बेट निवडलं, असं उत्तर पुष्कळदा दिलं जातं. मला ते पटत नाही. नकाशावर मधोमध पडणारी गावं खूप असतात; सामना भरवायची तयारी असलेली थोडी. आइसलँडची तयारी बहात्तर वर्षं चालली होती.

ती सुरू झाली १९०० साली, रेक्याविकच्या बुद्धिबळ मंडळापासून. मंडळामागचा मोठा आधार होता विलर्ड फिस्के नावाचा एक अमेरिकन. कॉर्नेल विद्यापीठाचा ग्रंथपाल, आइसलँडच्या भाषेचा आणि जुन्या साहित्याचा वेडा. त्याहून जुनं वेड बुद्धिबळाचं. १८५७ साली न्यूयॉर्कला अमेरिकेतली पहिली मोठी स्पर्धा झाली, पॉल मॉर्फीनं जिंकलेली. तिच्या आयोजनात फिस्के पुढे होता. या गृहस्थानं आइसलँडला पट, मोहरे आणि पुस्तकं पाठवली. १९०१ मध्ये आइसलँडचं पहिलं बुद्धिबळ नियतकालिक निघालं तेही त्याच्याच पुढाकारानं. छापलं जायचं जर्मनीत, लाइपझिगला.

देशाच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्त जिथून जातं तिथे ग्रिम्से नावाचं चिमुकलं बेट आहे. मासेमारी करणारी मोजकी घरं. तिथले लोक बुद्धिबळात तरबेज आहेत असं फिस्केच्या कानावर आलं होतं. त्यानं बेट पाहिलं ते जहाजावरून जाताना. पाऊल कधी टाकलं नाही. तरी त्यांना बुद्धिबळाचे संच धाडले, आणि १९०४ साली वारला तेव्हा मृत्युपत्रात बेटासाठी १२,००० डॉलर ठेवून गेला. त्या काळी ही फार मोठी रक्कम! ११ नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवशी, ग्रिम्सेवर आजही गोडाधोडाचं होतं.

पुढे १९२५ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. मंडळ, नियतकालिक, महासंघ. रटाळ वाटते ना यादी? पण खेळाडू अशाच कंटाळवाण्या कामातून निपजतात.

तसा निपजला फ्रिद्रिक ओलाफसन. जन्म १९३५ चा. विशीतच इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तो कोर्चनॉय या नामवंत रशियन खेळाडूच्या बरोबरीनं पहिला आला. १९५८ साली पोर्तोरोजला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवण्याच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा झाली, तिथे पाचव्या-सहाव्या जागेवर दोघं समान गुणांनी आले. एक हा फ्रिद्रिक, दुसरा पंधरा वर्षांचा बॉबी फिशर. आइसलँडला पहिला ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवणारा खेळाडू, मिळाला तो असा. वकिली शिकलेला हा माणूस १९७८ ते १९८२ या काळात जागतिक महासंघाचा, म्हणजे फिडेचा अध्यक्ष होता आणि नंतर बरीच वर्षं आपल्या संसदेच्या सचिवालयाचा प्रमुख.

आता १९७२ कडे वळू. आइसलँड महासंघाचे अध्यक्ष होते गुडमुंडुर थोरारिन्सन, तिशीतले इंजिनिअर. आधी ठरलं होतं, अर्धा सामना बेलग्रेडला, अर्धा रेक्याविकला. फिशरचा भरवसा नाही म्हणून बेलग्रेडनं अंग काढून घेतलं, आणि सगळं ओझं या छोट्या महासंघावर आलं. १ जुलैला उद्घाटन झालं. मान्यवर आले, स्पास्की आला, फिशर नाही! बक्षिसाची रक्कम सव्वा लाख डॉलर होती, ती लंडनच्या जिम स्लेटर या धनिकानं दुप्पट केली, तेव्हा स्वारी विमानात बसली.

पहिला डाव ११ जुलैला. बरोबरीकडे सरकलेला, पटावर एकेक उंट आणि प्यादी उरलेली. अशा वेळी फिशरनं काळा उंट थेट कोपऱ्यातल्या प्याद्यावर टाकला. समोरच्यानं शेजारचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि उंट कोंडला गेला. शिकाऊ पोरंही ज्याला बिचकतात ते जगातल्या सर्वांत तयारीच्या खेळाडूनं का केलं, यावर अजून वाद चालतात. डाव गेला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही, कॅमेऱ्यांचा आवाज होतो म्हणून. शून्य-दोन. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळवला, आणि तिथून वारं फिरलं. १ सप्टेंबरला निकाल लागला, साडेबारा-साडेआठ.

त्या उन्हाळ्यात फिशरच्या दिमतीला सैमुंडुर पाल्सन नावाचा पोलीस होता. रॉक अँड रोल नाचण्यात पटाईत. दोघांची गट्टी जमली. २००४ साली फिशर जपानमध्ये अटकेत पडला, तेव्हा त्याच्यासाठी धडपडणाऱ्यांत हा निवृत्त पोलीस होता. मार्च २००५ मध्ये आइसलँडच्या संसदेनं फिशरला नागरिकत्व दिलं. विरोधात एकही मत पडलं नाही. त्याची ज्यूविरोधी आणि अमेरिकाविरोधी बडबड सगळ्यांना माहीत होती. आपण असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. २००८ मध्ये तो तिथेच वारला.

खरं पीक आलं ते सामन्यानंतर. योहान ह्यार्टारसन, हेल्गी ओलाफसन, मारगेइर पेत्युर्सन, योन आर्नासन ही पोरं एकापाठोपाठ ग्रँडमास्टर झाली. यातल्या योननं तर १९७७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांत पुढे जगज्जेता झालेला कास्पारोव्ह होता! १९८६ च्या दुबई ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, आइसलँड पाचवा. १९८८ मध्ये योहाननं कोर्चनॉयला आव्हानवीरांच्या फेरीतून बाहेर काढलं. १९९० साली सरकारनं कायदाच केला, ग्रँडमास्टरांना पगार देणारा.

रेक्याविकची खुली स्पर्धा १९६४ पासून चालू आहे. पहिल्या वर्षी माजी जगज्जेता मिखाइल ताल तेरापैकी साडेबारा गुण घेऊन गेला. २०२२ साली आपला प्रज्ञानंद जिंकला. स्पर्धा खुली आहे, म्हणजे प्रवेशशुल्क भरून हौशी खेळाडूही त्याच सभागृहात बसू शकतो. पहिल्या फेरीत समोर ग्रँडमास्टर येण्याची शक्यता भरपूर, तेव्हा चार सलाम्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, घोटून जावं हे बरं. नमस्कार.