पासवर्डमधला ‘ऱ’

पडद्यावर ‘वऱ्हाड’ हा शब्द तीनदा टाइप केलेला आहे. तिन्ही हुबेहूब सारखे. यातला एक पासवर्ड म्हणून ठेवला आणि लॉगिनच्या वेळी दुसरा टाइप झाला, तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं उत्तर येऊ शकतं.

कारण आहे तो ह ला चिकटलेला अर्धा र. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्डवर शिफ्टसह र ची कळ दाबली, की युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या लिपींच्या संगणकीय संकेतसंचातला, स्वतंत्र ऱ मिळतो. तोच ऱ साधा र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब, अशा दोन चिन्हांनीही बनतो. तिसरी तऱ्हा अशी: र, पाय मोडण्याची खूण आणि तिच्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणुकीचं एकक) घेतं. म्हणून पहिला वऱ्हाड १८ बाइटांचा, बाकीचे दोन २१ बाइटांचे, आणि तेही एकमेकांहून वेगळे. सर्व्हर साठवतो तो पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यातून गणिताने काढलेला ठसा. एक बिट बदलला तरी हॅश पार बदलतो. त्यात चौकटीत दिसतात नुसते ठिपके. माणसाने ताडून बघायचं तरी कसं?

यावरचा उपाय लिहून ठेवलेला आहे. २०१७ साली आरएफसी ८२६५ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने सांगितलं, की तुलनेआधी पासवर्ड एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकाच रूपात आणावा. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने युनिकोड पासवर्ड स्वीकारण्याची शिफारस केली. एनएफसी केलं की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, पहिले दोन वऱ्हाड एक होतात. तिसरा मात्र वेगळाच राहतो. ही फट मराठी लिहिणाऱ्या प्रोग्रामरांनीच हेरून बुजवायला हवी.

लांबीचाही प्रश्न आहे. बीक्रिप्ट ही हॅशची प्रचलित पद्धत ७२ बाइटांपुढचं पाहत नाही. ॲस्कीतली, म्हणजे साधी इंग्रजी, ७२ अक्षरं त्यात मावतात. देवनागरीची मात्र २४ चिन्हं, काना-मात्रा धरून. आख्खी ओवी पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याला वाटतं, सगळी ओवी राखण करतेय. प्रत्यक्षात पुढचे शब्द बऱ्याच ठिकाणी गुपचूप गळतात.

या कटकटी नकोत म्हणून कित्येक संकेतस्थळं देवनागरी सरळ नाकारतात. आम्हाला ते पटत नाही. आणि नाकारायचंच असेल, तर खातं उघडतानाच तसं स्वच्छ मराठीत सांगावं. नोंदणीला घ्यायचं आणि लॉगिनला अडवायचं, यात माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर राहतो.